मोरपंखी लांबून कसा दिसतो

पक्षाचा उमेदवार असला की एक बरं असतं, रंग आयता मिळतो. झेंडा असतो, त्या झेंड्याचा दुपट्टा गळ्यात टाकला की काम झालं. माझा भाऊ कृष्णकांतदादा अपक्ष उभा राहिला. त्याला कोणताच रंग नव्हता म्हणून त्यानं सगळेच घ्यायचं ठरवलं, आणि ते सगळे धुवायचं, खळ घालायचं, इस्त्री करायचं काम माझ्याकडे आलं.

आणीबाणी उठल्यानंतरची ती पहिलीच विधानसभेची निवडणूक होती. त्या हिवाळ्यात नागपुरात ज्याला म्हणून दोन वाक्यं धड बोलता येत होती, त्याला आपण उभं राहावं असं वाटत होतं. दादा तर वकील. त्याला चिन्ह मिळालं शिडी. शिडीवर दादानं चढायचं आणि आम्ही घरच्यांनी ती खालून धरायची, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण ठरलेलंच होतं.

घरचे म्हणजे मी आणि यमुवहिनी. माझे यजमान गेल्यावर मी सावनेरहून माहेरी आले, ती महाल भागातल्या या घरातच राहिले. पालिकेच्या शाळेत नोकरी धरली. नवरा गेलेल्या बाईनं कसं राहावं हे मला आमच्या घरात कोणी सांगितलं नाही. पहिल्या दिवाळीला सगळ्यांना रंगीत कापड आलं आणि मला बदामी साडी आली. पुढच्या दिवाळीला राखाडी, मग परत बदामी. एकदा मावसबहिणीच्या लग्नाला मी पोपटी साडी नेसून जिन्यानं खाली उतरले. वहिनीनं नुसतं दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "चारू, लोकं चार गोष्टी बोलतात वं. काहून उगाच?" मी वर जाऊन बदलून आले.

मला रंग आवडतात. यात लाजण्यासारखं काय आहे मला अजून कळलेलं नाही. दुकानात टांगलेल्या साड्यांसमोर मी रस्ता अडवून उभी राहते आणि शाळेत पोरींच्या रिबिनी नीट करायच्या निमित्तानं हातात घेऊन बघते. एवढ्या रंगवेड्या बाईला बदामी नेसवून तिच्या हातून भावाची सात रंगांची जाकिटं इस्त्री करवून घ्यायची, हा न्याय आमच्याच घरचा.

जाकिटांची कल्पना भैय्याजीची. भैय्याजी दादाचा शाळासोबती आणि आता प्रचाराचा सर्वेसर्वा. त्याचा मूळ धंदा मंडपाचा. लग्नाला कोणती झालर लावायची, तेरवीला कोणती कनात ठोकायची, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता यायचं. त्याच हिशोबानं तो दादाला सजवायचा. सकाळी दारात येऊन सांगायचा, "ताई, आज मोमीनपुरा. हिरवं जाकीट काढून ठेवा. संध्याकाळी महालात सभा आहे, दादाले केशरी दुपट्टा लागन. अन् मधात पाचपावलीकडे जाऊन राहिलो, तर निळा सोबत द्या." जीप गोळीबार चौकात थांबायची, दादा आत बसल्या बसल्या दुपट्टा बदलायचा आणि दुसऱ्या मोहल्ल्यात दुसरा माणूस होऊन उतरायचा. भाषण मात्र तेच असायचं.

मी एकदा विचारलं, "भैय्याजी, लोकांले कळत नाही का?"

"ताई, लोकं भाषण ऐकत नाहीत, लोकं लांबून पाहतात. लांबून माणसाचा रंगच दिसते," तो म्हणाला.

आमच्या शाळेत कांताबाई होत्या. त्या पाचपावलीकडे राहायच्या. माझ्याच वयाच्या, त्यांचेही यजमान गेलेले, आणि नेसायच्या मात्र लाल, जांभळं, पिवळं, मनाला येईल ते. पहिल्यांदा मी बघतच राहिले होते. त्यांनी माझी नजर ओळखली आणि हसल्या. "छप्पन साली माझ्या मायनं पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली," त्या म्हणाल्या. "माझा बाप तिच्या बाजूले उभा होता, धडधाकट. आमच्यात पांढरं नवरीबी नेसते. मंग नवरा गेला म्हणून मी कोणता रंग सोडू, सांग."

दादा त्यांच्या वस्तीत जाऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुझा भाऊ आला होता वं. निळा दुपट्टा घालून. 'मी तुमचाच' म्हणे. दुपट्ट्याची इस्त्रीची घडीबी मोडली नव्हती."

ती घडी मी घातली होती. मी डबा बंद केला आणि पोरांच्या पाट्या तपासायला घेतल्या.

इथवर माझं काम कपाटापुरतं होतं. मग भैय्याजीला वाटलं की महालातली जुनी माणसं दादाला अजून आपलं मानत नाहीत. वकील आहे, कोर्टात चहा पितो, कोणासोबतही बसतो. तर त्यांना घरंदाजपणा दिसला पाहिजे. "ताई, तुम्ही एक डाव स्टेजवर बसा. विधवा बहिणीले सांभाळणारा भाऊ. बस, बाकी काही नको," तो म्हणाला. आणि वर, "बदामी नको हं. पांढरी नेसा. बदामी लांबून समजत नाही."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण दादानं मला खरंच सांभाळलं होतं. मी परत आले तेव्हा स्टेशनवर तो उभा होता, माझी ट्रंक त्यानं स्वतः उचलली होती. ते आठवून मी पांढरी नेसले आणि बसले. दादानं भाषणात माझ्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाला, आणि चार दिवसांत त्याचं पोस्टर बडकस चौकातल्या भिंतीवर लागलं. खाली लिहिलं होतं, "पाठीराखा". शाळेत जाताना मी स्वतःला भिंतीवर बघितलं, मान खाली, हात मांडीत, आयुष्यात जशी कधी बसले नाही तशी. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही रडत होत्या का?" मला इतका संताप आला की त्या दिवशी मी फळ्यावर लिहिताना तीन खडू मोडले.

त्या पोस्टरनं महाल खूश झाला, आणि लगेच दुसरीकडे बोंब झाली. महिला मंडळाच्या अध्यक्ष मीराबाई म्हणजे जुन्या प्राचार्या, अर्ध्या मतदारसंघातल्या शिकलेल्या बायका त्यांच्या शब्दावर चालायच्या. त्यांनी दादाला भर सभेत उभं केलं. "वकीलसाहेब, बहिणीला पांढरं नेसवून भिंतीवर चिकटवता आणि आमच्याकडे मतं मागता? कोणतं साल सुरू आहे, माहीत आहे ना?" दादा घामाघूम होऊन घरी आला.

भैय्याजी मात्र शांत होता. ज्या मांडवात सकाळी बारसं त्याच मांडवात संध्याकाळी साखरपुडा, हा त्याचा रोजचाच व्यवहार. त्यानं पोह्याची ताटली खाली ठेवली आणि म्हणाला, "सोपं आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतात. आपण महिला मंडळात मोठं हळदीकुंकू करू. ताईले रंगीत साडी नेसवू, मीराबाईच्या हातून कुंकू लावू, अन् दादा स्टेजवरून सांगन, माझ्या घरापासून सुरुवात केली. विषय खतम."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी मनातल्या मनात भांडत होते, ती हा माणूस पोहे खाता खाता देऊन टाकत होता. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

"साडी कोणत्या रंगाची?" मी विचारलं.

भैय्याजी विचारात पडला. मीच एकेक रंग सांगायला लागले.

"लाल?"

"लाल नको. कम्युनिस्ट वाटते."

"हिरवी?"

"हिरवा मोमीनपुऱ्यात दादाचा आहे. अन् हिरवा म्हणजे सौभाग्य. येवढं एकदम नको."

"केशरी?"

"केशरी महालासाठी ठेवला ना. दोघांनी घातला तर जास्त होते."

"निळी?"

"निळी नेसली तर महाल म्हणन, सारं घरच तिकडे गेलं."

"पिवळी?"

"पिवळी हळदीची. लग्नाचं वय आहे का तुमचं, ताई?"

"मग उरलं काय?"

भैय्याजीनं बराच विचार केला. "बदामी," तो म्हणाला.

"बदामी मी रोजच नेसते, भैय्याजी. त्यात सुरुवात कसली?"

वहिनी तिळगुळासाठी तीळ निवडत होती, तिला हसू आलं. मग मी न थांबता म्हणून टाकलं, "मले मोरपंखी पाहिजे." हा रंग मी ठरवून सांगितला नव्हता. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात ती साडी मी कितीतरी दिवस बघत होते, तीच तोंडातून बाहेर पडली. भैय्याजीनं डोळे बारीक केले, जणू समोर कनात लावलेली आहे आणि तो रस्त्याच्या पलीकडून बघतो आहे. मग त्यानं मांडीवर थाप मारली. "वा, ताई. मोरपंखी लांबून कोणाले हिरवा दिसते, कोणाले निळा. दोन्हीकडचे म्हणतील, आपलाच आहे. काय डोकं आहे तुमचं."

माझ्या आवडीचा रंग त्यानं तिथल्या तिथे प्रचाराला लावला. तरी मी मागे हटले नाही. मी दादासमोर जाऊन बसले.

"दादा, माझी एक अट आहे. इलेक्शन झाल्यावरही मी मले पाहिजे ते नेसीन. घरात, शाळेत, लग्नात. स्टेजपुरतं असन तर मी येत नाही. वहिनीसमोर सांग."

"अवं, हे काय विचारणं झालं?" दादा म्हणाला. "तुले जे नेसायचं ते नेस. मी कधी नाही म्हटलं?"

पोपटी साडी त्याला आठवतही नव्हती. मी आठवण करून दिली नाही, मला त्याचा शब्द हवा होता आणि तो मिळाला होता.

साडी घ्यायला मी कांताबाईंना घेऊन गेले. त्यांनी पदर बोटांनी चाचपून बघितला. "चांगली आहे. पण मी एक सांगू का? भावाच्या प्रचारात नेसशील तर लोकं साडी पाहतील का शिडी?"

"त्यानं शब्द दिला आहे," मी म्हटलं.

"त्यानं आम्हालेबी शब्द दिला आहे," कांताबाई म्हणाल्या आणि दुकानदाराला पिशवी मागितली.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मी साडी नेसले. वहिनीनं निऱ्या धरल्या. आरशासमोर मी उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं की रडू येईल, पण हसू आलं. मी चांगली दिसत होते. मंडळाच्या सभागृहात पाऊल ठेवलं तेव्हा बोलणी थांबली. मीराबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मागच्या रांगेतल्या काही बायका वाण न घेताच निघून गेल्या. त्यांच्या पाठी मला दिसल्या आणि ते टोचलंही. पण एक म्हातारी काठी टेकत माझ्यापर्यंत आली, पदराला हात लावला आणि म्हणाली, "हा रंग खुलते वं तुले." तिच्याही कपाळावर काही नव्हतं. मी तिला कुंकू लावलं. दादा स्टेजवरून काय बोलत होता ते मी ऐकलंच नाही. कोणीतरी फोटो काढला, डोळ्यांवर उजेड पडला. तो दिवस माझा होता, आणि तो तसाच राहिला असता तर मी दादाच्या साऱ्या जाकिटांना जन्मभर इस्त्री केली असती.

पण भैय्याजीला त्या फोटोचं पत्रक काढायचं होतं. आणि त्याची पत्रकं काढायची एक पद्धत होती. मजकूर एकच, फोटोचा ब्लॉक एकच, फक्त छापताना शाई मोहल्ल्याप्रमाणे बदलायची. एका वेळी एकच शाई, कारण तेव्हा रंगीत फोटो छापायचा म्हणजे मुंबई गाठावी लागायची. आजवर पत्रकावर दादाचा चेहरा असायचा, तो हिरवा झाला काय आणि निळा झाला काय, कोणाला फरक पडत नव्हता. या वेळी पत्रकावर मी होते, आणि सांगायची गोष्ट साडीच्या रंगाचीच होती. हे त्या रंगाच्या पंडिताच्या डोक्यातच आलं नाही.

कांताबाई शाळेत एक पत्रक घेऊन आल्या. "पाह्य, तू निळी झाली." खरंच, साडी निळी, कुंकू निळं, मी निळी. खाली "समतेचा पाईक" असं लिहिलेलं. शाळा सुटताना बघितलं तर मोमीनपुऱ्याकडून येणाऱ्या एका पोराच्या वहीला पुठ्ठा म्हणून मी हिरवी लावलेली होते. आणि महालात वाटलेलं पत्रक मी घरी येऊन बघितलं, ते केशरी शाईतलं. त्यात मी नखशिखान्त भगवी होते. वर भैय्याजीनं आपल्या मनानं ओळ टाकली होती, "त्यागमूर्ती भगिनी".

मी पत्रक घेऊन दादाच्या खोलीत जाणार होते, तेवढ्यात बापूजी आले. बापूजी इतवारीतले मोठे व्यापारी, चार गल्ल्यांची मतं त्यांच्या मानेच्या होकारावर. ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "कृष्णकांत, पत्रक पाहिलं. तुमच्या बहिणीनं भगवं घेतलं. या वयात संन्यास घ्यायचा म्हणजे काही खेळ नाही. घराण्याचं नाव काढलं."

मी चहाचा कप हातात घेऊन उभी होते. दादानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तो हसेल आणि म्हणेल, अहो बापूजी, ती छापखान्याची शाई आहे. एवढंच तर म्हणायचं होतं. दादा हात जोडून म्हणाला, "सगळी तुमच्यासारख्यांची कृपा."

बापूजी गेल्यावर मी पत्रक त्याच्यापुढे टाकलं. "तू काहून सांगितलं नाही?"

"चार गल्ल्या आहेत वं त्यांच्या हातात. इलेक्शन होऊ दे, मग सांगू. तुले काय फरक पडते? साडी तर तुझ्याजवळच आहे ना?"

"मी संन्यासीण झाली, दादा. जिवंतपणी."

"पत्रकात," दादा म्हणाला. "पत्रक कोण लक्षात ठेवते?"

वकील माणूस, त्याच्याशी बोलून मी कधीच जिंकले नाही. मी ठरवलं की सांगायचं ते मीच सांगेन. महालातली शेवटची सभा दोन दिवसांनी होती आणि बापूजी तिथं माझा सत्कार करणार होते. माइक एकदा हातात आला की दोन वाक्यं पुरे होती. मी संन्यास घेतलेला नाही. माझी साडी मोरपंखी आहे. ही वाक्यं मी वर्गात, रस्त्यात, भाजी चिरताना घोकत होते.

सभेला मी तीच साडी नेसून गेले. संध्याकाळ झाली होती, मांडवात पिवळे बल्ब लागले होते आणि चारी बाजूंनी केशरी कनात. त्या उजेडात माझी साडी मलाच काळपट दिसली. पायऱ्या चढताना खाली बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "काळं नेसून आली वं." नाव पुकारलं गेलं तसं भैय्याजीनं पटकन बापूजींच्या हातात एक लांबरुंद भगवी शाल दिली. बापूजींनी ती माझ्या डोक्यावरून अशी पांघरली की साडीचा काठही दिसेना. टाळ्या सुरू झाल्या. मी माइकसाठी हात पुढे केला. भैय्याजीनं माइक स्वतःकडे ओढून घेतला.

मग मी शाल काढली. नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि मोरपंखी साडीत सगळ्यांसमोर सरळ उभी राहिले. मला वाटलं, आता तरी बघतील. आता काही सांगायलाच नको.

भैय्याजीनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि माइकमध्ये गरजला, "पाहा, मंडळी. सत्काराची शालसुद्धा ताईनं ठेवली नाही. याले म्हणतात त्याग."

सभा उठून उभी राहिली. इतक्या टाळ्या दादाला त्या निवडणुकीत एकदाही मिळाल्या नव्हत्या. दादाचे डोळे भरून आले होते आणि तो मला नमस्कार करत होता. त्या टाळ्यांच्या गजरात मी ओरडून सांगितलं की हे खोटं आहे, मी काहीही सोडलेलं नाही. पहिल्या रांगेतल्या माणसानंही मान डोलावली, त्याला वाटलं मी आशीर्वाद देते आहे. मी मागच्या पायऱ्यांनी उतरले आणि कनात वर करून बाहेर पडले.

दादा पडला. डिपॉझिट वाचलं, तेवढंच. मग खापर फोडायला डोकी शोधणं सुरू झालं. महालातले काही म्हणाले, बहिणीच्या कुंकवानं मतं गेली. मीराबाईंच्या बायका म्हणाल्या, भगव्या पत्रकानं गेली. मोमीनपुरा आणि पाचपावली काही म्हणायला आले नाहीत, त्यांनी आपापल्या माणसांना मतं दिली होती. भैय्याजी मांडव सोडून कनाती घेऊन गेला. लग्नसराई तोंडावर आली होती. सगळीकडची मतं फिरवून बघितली तर दोष माझ्या साडीकडे येत होता, आणि ती साडी कोणत्या रंगाची होती यावर मात्र दोन माणसांचं एकमत नव्हतं.

सोमवारी शाळा होती. मी सकाळी आंघोळ केली, मोरपंखी नेसले, छोटी टिकली लावली आणि जिन्यानं खाली उतरले. दादा बनियन घालून ओसरीवर पेपर वाचत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या अंगावर कोणता रंग नव्हता. त्यानं वर बघितलं. तो रागावला असता तर मला चाललं असतं, मी तयारीनं आले होते. पण त्याला खरोखर नवल वाटलं होतं.

"आता काहून नेसली वं?" तो म्हणाला. "इलेक्शन तर झालं."

दिलेला शब्द त्यानं मोडला नव्हता. तो शब्द आहे हेच त्याला कळलं नव्हतं.

"म्हणूनच नेसली," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

फाटकाबाहेर पडल्यावर बरं वाटलं. सकाळचं ऊन होतं आणि उन्हात साडीचा रंग जसा आहे तसा दिसत होता. गल्लीच्या तोंडाशी रुपरावचा पानठेला. मी सावनेरहून आले तेव्हापासून तो मला रोज शाळेत जाताना बघतो. पानं पुसता पुसता त्याचा हात थांबला. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मग ओळखीचं हसला.

"काय ताई, दादा आता कार्पोरेशनले उभे राहून राहिले का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काही नाही. शाळेत चालली."

"आपल्याले तरी सांगा, ताई," रुपराव आवाज खाली आणून म्हणाला. "आपण कोणाले नाही सांगत."

मी त्याला परत सांगितलं की मी शाळेत चालले आहे. त्याला ते काही पटलं नाही.